पहिला फुटबॉल सामना कुठे पाहावा? मुंबई फुटबॉल अरेना, मराठवाड्यातल्या प्रेक्षकाच्या नजरेने

अंधेरी पश्चिमेला, आझादनगर मेट्रो स्थानकाच्या जवळच असलेले मुंबई फुटबॉल अरेना हे आयुष्यातला पहिला फुटबॉल सामना पाहण्यासाठी महाराष्ट्रातले सर्वांत योग्य मैदान आहे, असे माझे ठाम मत आहे. हा अभिप्राय मी परभणी, नांदेड, जालना, हिंगोली, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणांहून रजा टाकून, मुलाबाळांना सोबत घेऊन जाणाऱ्या माणसासाठी लिहीत आहे. मुंबईकराचा एखादा सामना फसला, तर त्याला पंधरा दिवसांनी दुसरा पाहता येतो. आपल्याकडून जाणाऱ्याचा पहिला सामना मात्र पुष्कळदा कित्येक वर्षांसाठी एकमेव सामना ठरतो, आणि म्हणून कोणता संघ खेळतो आहे याच्याइतकाच विचार आपण कोणत्या मैदानावर बसणार आहोत याचाही करायला हवा.

मराठवाड्यात फुटबॉल नाही असे म्हणणे बरोबर नाही. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर वर्षानुवर्षे फुटबॉल खेळला जातो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत नवे कोरे चेंडू पोहोचले होते. त्या दिवशी मातीच्या पटांगणात अनवाणी धावलेली मुले आता विशीत आहेत, आणि रात्री दीड वाजता लागणारे युरोपातले सामने मोबाईलवर पाहून सकाळी कामावर जाणारी पिढी तीच आहे. त्यांना खेळाडूंची नावे, संघांच्या रचना, बदल्यांच्या रकमा सगळे तोंडपाठ असते. नसतो तो मैदानाचा अनुभव, कारण व्यावसायिक फुटबॉल पाहता येईल असे एकही मैदान आपल्या आठ जिल्ह्यांत नाही.

आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी बाहेर जाऊन पहिला सामना पाहिला, त्या सगळ्यांना मी आवर्जून त्याबद्दल विचारत आलो आहे. गोल कोणी केला हे बरेच जण विसरलेले असतात. काय आठवते हे ते कुठे बसले होते यावर फार अवलंबून असते, आणि माझे मत बनले आहे ते या उत्तरांवरून.

नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम घ्या. माझा मावसभाऊ २०१७ मध्ये पनवेलला नोकरीला होता आणि त्याने २५ ऑक्टोबरचा स्पेन विरुद्ध माली हा त्याच विश्वचषकाचा उपान्त्य सामना तिथे पाहिला. स्पेन ३-१ असा जिंकला. त्या सामन्यात मालीच्या डुकुरेचा एक फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या आत पडला होता, पण पंचांनी गोल दिला नाही. भावाला ही गोष्ट रात्री घरी गेल्यावर मोबाईलवर कळली. तो म्हणतो, ‘चेंडू वर उडाला, लोक ओरडले, मग सगळे शांत झाले, एवढेच दिसले.’ यात त्या स्टेडियमचा दोष काढण्याचा हेतू नाही, कारण ते मुळात क्रिकेटचे गोलाकार मैदान आहे. त्यात फुटबॉलचा आयत बसवला, की चारही बाजूंना रिकामे गवत उरते आणि प्रेक्षक खेळापासून लांब जातो. त्या रात्री गोल करणारा फेरान तोरेस पुढे बार्सिलोनाचा खेळाडू झाला. भावाने त्याला पाहिले आहे, पण चेहरा पाहिला आहे असे तो म्हणू शकत नाही.

त्याच मैदानावर ६ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईचा व्यावसायिक संघ मुंबई सिटी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांचा सामना झाला. अल हिलालचा ब्राझिलियन खेळाडू नेमार भारतात खेळणार म्हणून कुठून कुठून माणसे आली होती. नेमारच्या गुडघ्याला ऑक्टोबरमध्येच गंभीर दुखापत झाली आणि तो आलाच नाही. जालन्याहून गेलेल्या आमच्या परिचयातल्या दोन मुलांनी तरीही तिकिटे परत केली नाहीत. मुंबई २-० अशी हरली. त्यांची आठवण गर्दीची आहे: इतकी माणसे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला येऊ शकतात, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा पटले. हीही मोलाचीच आठवण आहे. भव्यता पाहायची असेल, तर नेरूळला जरूर जावे. खेळ पाहायचा असेल, तर अंधेरीला.

पुण्याच्या बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल बीड, लातूर आणि धाराशिवकडच्या लोकांना जवळचे आहे. मात्र तिथे प्रेक्षक आणि गवत यांच्यामध्ये धावण्याची मार्गिका आहे. अॅथलेटिक्ससाठी ती हवीच, पण फुटबॉल पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते अंतर जाणवते.

अंधेरीचे मैदान मुंबई महापालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आहे. १९९६ मध्ये मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला ते हेच संकुल, असे सांगितले की आमच्या वयाच्या लोकांना ते चटकन लक्षात येते. मुंबई सिटीचा संघ २०१४ मध्ये स्थापन झाला, पहिले दोन हंगाम नेरूळला खेळला आणि २०१६ पासून इथे आला. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या व्यावसायिक लीगच्या सामन्यांना इथे सात-आठ हजार प्रेक्षक बसतात. हा आकडा ऐकून नाक मुरडणारे भेटतात. माझ्या मते हीच या मैदानाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. धावण्याची मार्गिका नाही, क्रिकेटचे रिकामे गवत नाही, आणि खालच्या रांगेत बसलेल्या माणसाला खेळाडूच्या मोज्यावरचा चिखल दिसतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने सामन्याच्या तासभर आधी आत जाऊन बसावे, असा माझा आग्रह असतो. आधी गोलरक्षक आणि त्यांचे प्रशिक्षक येतात. प्रशिक्षक सहा-सात पावलांवरून चेंडू मारतो आणि गोलरक्षक तो छातीशी धरतो, तेव्हा हातमोज्यांवर होणारा तो कोरडा, जाड आवाज टीव्हीवर कधीच ऐकू येत नाही. नंतर गवतावर पाणी मारतात आणि दिव्यांच्या उजेडात हिरवा रंग एकदम गडद होतो. टीव्हीवर मैदान चपटे दिसते, कारण कॅमेरा उंचावर असतो आणि चेंडूच्या मागे मागे फिरतो. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असा तो सगळा विस्तार एका नजरेत घेतला, की एक बचावपटू दुसऱ्यापासून किती लांब उभा असतो आणि मधली जागा भरायला त्याला किती धावावे लागते, हे न सांगता समजते.

माझ्या पुतण्याला मी पहिल्यांदा इथे आणले, तेव्हा पहिली दहा मिनिटे तो गोंधळून गेला होता. समालोचन नाही, कोपऱ्यात गुणफलक नाही, कोण खेळतो आहे हे सांगणारे कोणी नाही. मुंबईचा एक खेळाडू गोलपेटीत पडला, पंचांनी काहीच दिले नाही, आणि खेळ पुढे गेला. पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, परत कामून दाखवत नाहीत?’ आयएसएलमध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धत नाही, हे मी त्याला सांगितले. पंचांनी एकदाच पाहिले आणि ठरवले, आपणही एकदाच पाहायचे आणि ठरवायचे. त्यानंतर त्याने मोबाईल खिशात ठेवला. उत्तरार्धात तो चेंडूकडे न पाहता बाजूच्या पंचाच्या झेंड्याकडे पाहायला लागला, कारण ऑफसाइड (पास दिला जाताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे असणे) कळण्याचे दुसरे साधन नाही हे त्याला उमगले होते. ऑफसाइडचा नियम त्याला पाठ होता, पण बचावफळी एका रेषेत पुढे सरकताना त्याने ती कधीच पाहिली नव्हती, कारण ती हालचाल पडद्याच्या बाहेर होत असते.

लालियानझुआला छांगतेसारखा वेगवान खेळाडू तुमच्या पुढच्या कडेने धावत येतो, तेव्हा त्याच्या आणि त्याला अडवणाऱ्याच्या श्वासाचा आवाजसुद्धा येतो. गोलरक्षक सतत बोलत असतो. तो बचावपटूंना नावाने हाक मारतो, ओरडतो, उजवीकडे सरक, मागे बघ, असे सांगत राहतो. नव्वद मिनिटांत त्याचे तोंड बंद नसते. माझी आत्या फुटबॉलच्या वाटेला कधी गेली नव्हती, मुलांबरोबर सोबत म्हणून आली होती. तिला त्या सामन्यातले एवढेच लख्ख आठवते की ‘तो पिवळ्या कपड्यातला पोरगा सगळ्यांना रागावत होता आणि सगळे ऐकत होते.’ फुटबॉलमध्ये संघ म्हणजे काय, हे मला आजवर इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा मुंबई सिटीच्या चाहत्यांचा गट. हे लोक ढोल घेऊन उभ्यानेच सामना पाहतात आणि संघ हरत असला तरी गाणे थांबवत नाहीत. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर त्यांच्या अगदी शेजारची जागा घेऊ नये, कारण मग बसून काहीच दिसत नाही. पण त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, समोर ते दिसतील आणि ढोल ऐकू येईल अशी जागा मिळाली, तर ती आवर्जून घ्यावी. आपल्याकडच्या मुलांना घोषणा द्यायला सुरुवातीला संकोच वाटतो. मध्यंतरानंतर तो राहत नाही.

या मैदानावरची सर्वांत जिवंत आठवण मी ऐकली ती हिंगोलीच्या एका अभियंत्याकडून, जो २०१८ मध्ये शिकायला मुंबईत होता. त्या वर्षी १ जूनला भारताने इथे चायनीज तैपेईला (तैवानला) ५-० असे हरवले, आणि सामन्याला जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडून लोकांना विनंती केली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता. तिकिटे संपली. हा मुलगा वसतिगृहातल्या मित्रांबरोबर गेला, आणि त्याच्या आयुष्यातला तो पहिला सामना. पाऊस असा कोसळत होता की गवतावर चेंडू थांबून राहत होता, पूर्वार्धात एकही गोल झाला नाही, आणि तरी कोणी जागेवरून उठले नाही. उत्तरार्धात छेत्रीने पेनल्टीवर पहिला गोल केला, जेजेने दुसरा, आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्रीने तिसरा. तो सांगतो की भिजलेल्या माणसांच्या टाळ्यांचा आवाज वेगळा येतो, जड येतो, आणि सामना संपल्यावर खेळाडू प्रेक्षकांपाशी आले तेव्हा आपण त्यांच्याशी बोललो असेच त्याला वाटले. सहा दिवसांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही भारताने केनियाला २-० असे हरवले. दोन्ही गोल छेत्रीचे, आणि त्या गोलांनी तो ६४ आंतरराष्ट्रीय गोलांवर, त्या वेळच्या मेस्सीच्या बरोबरीला पोहोचला. पण त्या मुलाच्या मनात राहिला आहे तो पावसातला सामनाच.

नांदेडच्या लोकांचा एक वाजवी आक्षेप मला मान्य आहे. त्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद फार जवळ आहे. रेल्वेने अंतर निम्म्याहूनही कमी पडते. आणि फुटबॉलच्या बाबतीत हैदराबादशी आपले नाते जुने आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपली कितीतरी मुले शिकायला उस्मानियात जात असत. तो हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचा सुवर्णकाळ होता. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते, ज्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले. आमच्या आजोबांच्या मित्रमंडळींत उस्मानियात शिकलेले एक वकील होते. त्यांनी पहिला सामना विद्यार्थी असताना हैदराबादेत, मैदानाच्या कडेला जमिनीवर बसून पाहिला होता. रहीमसाहेबांची पोरे चेंडू पायात ठेवत नसत, आला की लगेच पुढे देत, असे ते सांगत, आणि सांगताना टेबलावरची पानाची डबी बोटाने एकीकडून दुसरीकडे सरकवत. त्यांच्या आठवणीतही जवळून पाहणे आहेच.

त्यामुळे हैदराबादला सामना असेल, तर नांदेडकराने जरूर जावे. गचीबावलीच्या स्टेडियमवर १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारत आणि मलेशिया यांचा सामना १-१ असा सुटला. भारताचा गोलरक्षक गुरप्रीतच्या चुकीमुळे मलेशियाने आघाडी घेतली होती, आणि मुंबईच्या राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने बरोबरी साधली. नांदेडहून गेलेले आमचे एक स्नेही आणि त्यांची कन्या तो गोल अजून वर्णन करून सांगतात. मात्र तिथेही धावण्याची मार्गिका मध्ये येते, आणि आयएसएलमधला हैदराबादचा संघ आता तिथे राहिलेला नाही. म्हणजे भारतीय संघाच्या किंवा एखाद्या स्पर्धेच्या सामन्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते.

लातूर-धाराशिवकडच्यांनी कोल्हापूरचाही विचार करावा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या संघांचे सामने पाहणे हा अस्सल मराठी अनुभव आहे, आणि खिशालाही जड नाही. व्यावसायिक लीगचा दर्जा तिथे शोधू नये. ईर्ष्या मात्र कुठेही सापडणार नाही अशी आहे.

आता अंधेरीला जाण्याबद्दल. मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्यांनी मुंबई सीएसएमटीपर्यंत जाण्याची गरज नाही. ठाण्याला उतरावे, लोकलने घाटकोपर गाठावे आणि तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो धरून आझादनगरला उतरावे. मैदान चालत काही मिनिटांवर आहे, आणि रिक्षावाल्याशी एका शब्दाचीही घासाघीस करावी लागत नाही. आता नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत पहाटे निघून दुपारी मुंबईत पोहोचते, त्यामुळे संध्याकाळच्या सामन्याला ती उत्तम. रात्रीच्या देवगिरीने किंवा नंदीग्रामने पहाटे-सकाळी पोहोचणाऱ्याला दिवसभर थांबायची सोय पाहावी लागते.

सामानाचा विचार घरूनच करून निघावे. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेरगावच्या माणसाकडे नेमक्या याच वस्तू असतात. बॅग नातेवाइकाकडे किंवा लॉजवर ठेवूनच मैदानाकडे यावे. जेवणही बाहेर उरकून आत जावे. आत मिळणारा वडापाव पोट भरण्यासाठी पुरेसा नसतो. तिकिटे ऑनलाइन मिळतात आणि काही शे रुपयांत चांगली जागा होते. तिकीट काढताना सर्वांत महाग जागा सर्वांत चांगली असे समजू नये. लांब बाजूची, मधल्या रेषेजवळची, सात-आठ रांगा वरची जागा पहिल्या सामन्याला योग्य: तिथून रचनाही दिसते आणि आवाजही येतो. गोलखांबाच्या मागची जागा दुसऱ्या सामन्यासाठी ठेवावी.

परतीचा प्रवास हा या सगळ्या सहलीतला कच्चा दुवा आहे. आयएसएलचे बहुतेक सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेनऊच्या सुमारास संपतात, तर देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून साधारण त्याच वेळी सुटते. आम्ही एकदा एका खासगी ट्रॅव्हल्सची रात्रीची बस ठरवली होती. अकरा वाजता सायनला येते म्हणून सांगितलेली बस दोननंतर आली, तोवर मालकाचा फोन बंद होता, आणि बरोबरची मुले पदपथावर बॅगांवर डोके ठेवून झोपली. त्यानंतर मी साडेसातच्या सामन्याला जाताना मुक्कामाची सोय केल्याशिवाय निघत नाही, आणि इतरांनाही तेच सांगतो. एका रात्रीचा खर्च वाढतो, पण सामना संपल्यावर घाई करून उठावे लागत नाही. ही शेवटची दहा मिनिटे, खेळाडू प्रेक्षकांना अभिवादन करायला फेरी मारतात ती, मुलांना सर्वांत जास्त आवडतात.

वेळापत्रक पाहिल्याशिवाय रेल्वेचे आरक्षण करू नये. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम करारांच्या पेचामुळे ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही, आणि तारखा एरवीही पुढे-मागे होत असतात. संध्याकाळी पाचला सुरू होणारा एखादा सामना वेळापत्रकात दिसला, तर मराठवाड्यातल्या माणसाने तोच धरावा. सातच्या सुमारास तो संपतो, आझादनगरहून घाटकोपर आणि घाटकोपरहून ठाणे असे सावकाश जाऊन, स्थानकाबाहेर पोटभर जेवूनही देवगिरी मिळते, आणि सकाळी ती परभणीला सोडते.